एका कॉइलला दहा

मॅग्नेट टेम्पोवर चढवून झाल्यावर मगदूम अण्णा पुन्हा आत आले आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"ते रंगीत चित्र दुपारपर्यंत पाहिजे हं. झंवर शेठच्या फाईलला लावून द्यायचंय."

"अकरापर्यंत तयार ठेवते," मी म्हणाले.

"आणि खाली तुझं नाव घाल. डिझाईन कुणी केलं ते. कळू दे लोकांना, कुपवाडातपण हे होतं म्हणून."

बाहेर टेम्पोत मुजावरचाचा आधीच ड्रायव्हरशेजारी बसले होते. अण्णांनी मोटारसायकलला किक मारली, टेम्पो मागोमाग निघाला, आणि मी कॉम्प्युटर सुरू केला. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. एप्रिल महिना होता, पत्रा आत्तापासूनच तापायला लागला होता.

आमचा कारखाना लोखंड उचलायची मॅग्नेट बनवायचा. क्रेनच्या हुकाला अडकवायचं, बटण दाबलं की चुंबक होतं आणि लोखंडी प्लेट चिकटून वर येते. बटण बंद केलं की सुटते. अण्णा तीस वर्षं ही मॅग्नेट बनवत होते आणि त्यांतली बहुतेक मुजावरचाचांच्या अंदाजानं. चाचा कॉइल भरायचे. तांब्याची तार लोखंडाभोवती किती वेळा गुंडाळायची आणि तार किती जाड घ्यायची, हे त्यांच्या बोटांत होतं. मग मी पुण्यातली नोकरी सोडून सांगलीला परत आले, आणि अण्णांना पटवून मी ते सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. त्यात मॅग्नेटचं चित्र काढायचं, कॉइलची माहिती भरायची, आणि ते सांगतं हे मॅग्नेट किती टनांची ओढ देईल. लोखंडात चुंबकत्व कुठं दाटलंय तेही लाल-पिवळ्या रंगांत दाखवतं. अण्णा ते चित्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे.

झंवर शेठचं मॅग्नेट हे त्या सॉफ्टवेअरवर केलेलं आमचं पहिलं काम. जयसिंगपूरच्या अलीकडे त्यांचं प्लेटांचं यार्ड होतं. आजची चाचणी नीट झाली तर ते सहा मॅग्नेट घेणार होते.

बाकीची कामं उरकून मी चित्राकडे वळले तेव्हा नऊ वाजले होते. चित्र काढायला दोन मिनिटं लागली. त्याखाली एक लहानसा तक्ता द्यायचा होता, कुठले आकडे धरून हिशोब केला त्याचा. मी मॉडेल उघडून एकेक आकडा बघून टाईप करू लागले.

कॉइल एक: वेढे १३००, करंट २०.

कॉइल दोन: वेढे १३००, करंट २०.

त्याखालची ओळ मॅग्नेटला वीज देणाऱ्या पॅनेलच्या कागदावरून घ्यायची होती. एकूण करंट: २०.

तिन्ही ओळी टाईप झाल्या आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. वीस, वीस, आणि खाली एकूण वीस.

दोन्ही कॉइल समांतर जोडलेल्या होत्या. पॅनेलमधून वीस अँपिअर निघायचे आणि दोन वाटांनी जायचे. एका कॉइलला दहा. मी पॅनेलच्या कागदावरचा वीस उचलून दोन्ही कॉइलच्या रकान्यांत घातला होता. सॉफ्टवेअर बिचारं विचारत नाही, हा करंट एका कॉइलचा की दोन्हींचा. तुम्ही वीस म्हणालात, ते वीस धरतं.

मी वीस खोडून दहा केलं. दोन्हीकडे. पुन्हा हिशोब लावला. ते जुनं मशीन, अकरा मिनिटं घेतली त्यानं. त्या अकरा मिनिटांत मी खुर्चीवरून उठले नाही.

आधी आकडा आला होता साडेपाच टन. दोन टनांची प्लेट उचलायची, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त ताकद. आता आकडा आला दोन पूर्णांक सहा.

दोन पूर्णांक सहासुद्धा दोनपेक्षा जास्तच, असं मी पहिल्या क्षणी स्वतःला सांगितलं. मग आठवलं की हा थंड कॉइलचा आकडा आहे. मॅग्नेट चालू राहिलं की कॉइल तापते, तार तापली की करंट उतरतो, करंट उतरला की ओढ कमी होते. मी कागदावर भराभरा मांडलं. पॅनेलचा एकूण करंट विसावरून साडेसतरावर आला की ओढ बरोब्बर दोन टन. उन्हात, सतत वापरात, तिथवर यायला अर्धा-पाऊण तास पुरे.

म्हणजे सुरुवातीला ते उचलणार होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत छान उचलणार होतं.

मी अण्णांना फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला.

"अण्णा, चाचणी सुरू केली का?"

"झाली की सुरू. एक टनाची अलगद उचलली. शेठ खूश आहेत. आता हळूहळू मोठ्या घेणार."

"अण्णा, थांबवा. माझ्या हिशोबात..."

"काय? ऐकू येईना. क्रेन चालू आहे. चित्र घेऊन ये तू." आणि फोन बंद झाला.

पुन्हा लावला. वाजत राहिला. चाचांकडे मोबाईल नव्हता. मी आमच्या अकाऊंटवाल्या बाईंची स्कूटी मागितली. त्या किल्ली देता देता विचारत होत्या, काय झालं, काय झालं, आणि मी काहीतरी उत्तर दिलं, काय ते आठवत नाही.

कुपवाडहून सांगली, सांगलीतून अंकलीचा पूल, पुलापलीकडे यार्ड. अठरा किलोमीटर. सांगलीत उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आडव्या आल्या. हंगाम संपत आला होता आणि शेवटचा ऊस जात होता. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, एकामागं एक, ओव्हरटेक करायला जागा नाही. मी त्या उसाच्या मागं अडकून मनात मिनिटं मोजत होते. एक उचल म्हणजे दोन मिनिटं. मध्ये एक मिनिट बंद. असं किती वेळा.

आणि त्या ट्रॉलीमागं मला ती दोन महिन्यांपूर्वीची दुपार आठवत होती.

तारेची ऑर्डर द्यायची होती. चाचा माझ्या टेबलाशी आले होते. ते कधी ऑफिसात यायचे नाहीत, आले तरी खुर्चीवर बसायचे नाहीत. हातात जुन्या कॉइलच्या तारेचा तुकडा होता.

"मॅडम, ही जी तार तुम्ही लिवलीय, ती बारीक हाय."

"बारीकच घ्यायचीय चाचा. तांबं वाचतं. आणि बघा, ओढ किती येतेय." मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

त्यांनी ते लाल-पिवळं चित्र बराच वेळ बघितलं. "दिसतंय तर झ्याक," ते म्हणाले. "पण दोन टनाला म्या ही तार कदी घातली न्हाई."

"तुम्ही अंदाजानं जास्तच घालत होता इतकी वर्षं," मी म्हणाले. हसून म्हणाले. मला वाटलं होतं, मी त्यांची स्तुतीच करतेय. "म्हणून तर आपली मॅग्नेट जड होतात."

ते "बरं" म्हणून गेले. नंतर त्यांनी तीच बारीक तार भरली, तेराशे वेढे, एक कमी नाही की एक जास्त नाही. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या तेव्हा मी शेजारी उभी होते. जोडाला चांदीचा टाका घालताना ते श्वाससुद्धा हळू घ्यायचे.

पूल ओलांडून मी यार्डात शिरले तेव्हा सव्वादहा होत आले होते.

उघड्या मैदानात प्लेटांच्या थप्प्या होत्या. क्रेन लांबूनच दिसली. तिच्या हुकाला आमचं पिवळ्या रंगाचं मॅग्नेट, आणि मॅग्नेटला चिकटलेली एक मोठी प्लेट, जमिनीपासून माणसाच्या छातीइतकी वर. झंवर शेठ आणि अण्णा पॅनेलपाशी सावलीत उभे होते. मुजावरचाचा प्लेटीबरोबर चालत होते, एक हात तिच्या कडेवर. प्लेट हेलकावू नये म्हणून असा हात ठेवायची यार्डात पद्धत असते. प्लेट एका थप्पीवरून दुसऱ्या थप्पीकडे चालली होती.

मी स्कूटी स्टँडवर न लावता तशीच भिंतीला टेकवली आणि धावत पॅनेलपाशी गेले. आधी करंटच्या काट्याकडे बघितलं. साडेसतराच्या किंचित वर.

"ही किती टनाची?" मी विचारलं.

"दोनची," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उन्हानं आणि आनंदानं लाल झाला होता. "ही चौथी. चित्र आणलंस?"

"अण्णा, खाली घ्यायला सांगा. लगेच."

"का?"

"काटा बघा."

"तापल्यावर उतरतोच गं काटा. आज बघतोय का आपण."

"माझा हिशोब..." मी म्हणाले, आणि त्याच वेळी झंवर शेठ वळले. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, आवाज अगदी मऊ.

"काय झालं मॅडम? हिशोबाचं काय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी अण्णांच्या घरच्या जेवणावळीतसुद्धा बसले होते, अण्णांची नजर मला चांगली ओळखता यायची. ती नजर म्हणत होती, इथं नको.

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणजे एका वाक्याचं काम होतं. मी चुकीचा आकडा घातला. पाच शब्दसुद्धा नव्हते. पण मला दिसलं, ते वाक्य म्हटल्यावर शेठ विचारणार, कुठला आकडा. मग अण्णा विचारणार, कसा काय चुकला. मग मी सांगत बसणार. आणि प्लेट तशीच चालली होती. हे मी आज असं सांगते. त्या वेळी हे सगळं माझ्या मनात आलं होतं का, की मला फक्त लाज वाटली होती, हे मला आजही नक्की माहीत नाही.

"आतला एक जोड कच्चा राहिलाय," मी म्हणाले. "कॉइलचा. कधीही सुटेल."

अण्णांचा चेहरा उतरला. जोड सुटला म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जोड सुटला की करंट शून्य, आणि प्लेट खाली.

"मुजावर," अण्णांनी हाक मारली. क्रेनच्या आवाजावर त्यांचा आवाज फाटला. "ही म्हणते जोड कच्चा राहिलाय. खरं आहे का?"

चाचा थांबले. त्यांचा हात प्लेटीवरच होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं, अण्णांकडे नाही, माझ्याकडे. पंधरा-वीस पावलांचं अंतर असेल. मी मान खाली घातली नाही, एवढंच आठवतं. मान वर ठेवून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "असंल. उतरवा."

आणि त्यांनी वर बघून क्रेन ऑपरेटरला हातानं खूण केली. प्लेट खाली यायला लागली. ते कडेवरचा हात काढून मागं सरले, एक पाऊल, दोन पावलं, तीन. प्लेट गुडघ्याइतकी खाली आली होती. मग तिची एक बाजू सुटली. आवाज न करता सुटली, आवाज नंतर झाला. दोन टनांची प्लेट एका कोपऱ्यावर आपटली, कोपरा जमिनीत वीतभर रुतला, आणि मग ती आडवी पडली. धुळीत चाचा दिसेनासे झाले.

धूळ बसली तेव्हा ते तिथंच उभे होते. टोपी काढून झटकत होते.

झंवर शेठनी जवळ जाऊन जमिनीतला खड्डा बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही वेळेवर आलात."

त्यांनी पाण्याचा तांब्या मागवला आणि पहिला मला दिला. अण्णा म्हणाले, "कॉम्प्युटरवरनं कळतं हिला. बसल्या जागी कळतं." ते शेठना म्हणाले. आणि चाचा जवळ आल्यावर सगळ्यांसमोर, क्रेनवाल्यासमोर, म्हणाले, "तीस वर्षं जोड घालताय तुम्ही. आज माणूस गेला असता. तुम्हीच गेला असता."

"व्हय," चाचा म्हणाले.

मी पाणी प्याले.

मॅग्नेट टेम्पोवर चढलं. मी स्कूटीवरून परत आले, एकटी. येताना ट्रॅक्टर नव्हते, रस्ता मोकळा होता, आणि मी वीसच्या वेगानं आले. दुपारी कारखान्यात सगळ्यांना कळलं होतं. टेम्पोच्या ड्रायव्हरनं सांगितलं असणार. वाइंडिंग खात्यातली, म्हणजे कॉइल भरणारी माणसं माझ्याकडे बघून बाजूला होत होती, जरा आदरानं. चाचांच्या मशीनवर कुणी नव्हतं. अण्णांनी त्यांना घरी पाठवलं होतं. उद्या दहा वाजता मॅग्नेट उघडून जोड बघायचा असं ठरलं होतं.

जोड बघायचा, आणि जोड पक्का निघणार. हे मला माहीत होतं आणि चाचांना माहीत होतं. तिसऱ्या कुणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नऊला पोचले. चाचा माझ्याआधी आले होते. शेडच्या मागं, नळापाशी बसून हात धूत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"चाचा, जोडाचं मी खोटं बोलले."

"जोड म्या घातलाय," ते म्हणाले. "मला ठावं हाय."

"मी आकडा चुकवला होता. एका कॉइलला दहा जातात, मी वीस धरले. म्हणून बारीक तार पुरेल असं वाटलं."

त्यांनी हात पुसले. हा हिशोब त्यांच्या डोक्यात बसायला वेळ लागला नाही. "म्हंजे तार बारीकच व्हती."

"बारीकच होती."

मला वाटलं ते रागवतील, आणि रागवले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही हो का म्हणालात?" मी विचारलं. "मी खोटं बोलतेय हे तुम्हाला माहीत होतं."

"खोटं कशापायी बोलतीय ते ठावं न्हवतं. पर तुजा चेहरा बगितला न्हवं म्या." पहिल्यांदाच ते मला 'मॅडम' न म्हणता बोलले. "पोरी, वर प्लेट व्हती. जोड पक्का हाय, न्हाई, पक्का हाय, असं आपण दोगं वाद घालीत बसलो असतो तर ती प्लेट थांबली असती व्हय? म्हून व्हय म्हनलो." नळातून पाणी गळत होतं, ते त्यांनी घट्ट बंद केलं. "आता प्लेट खाली हाय."

एवढंच म्हणून ते उठले आणि आत गेले.

मी अण्णांच्या केबिनमध्ये गेले. ते उभेच होते, मॅग्नेट उघडायला निघाले होते. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिन्ही ओळी सांगितल्या. वीस, वीस, एकूण वीस. ते खुर्चीवर बसले.

"म्हणजे जोड पक्का आहे?"

"पक्का आहे."

"उघडायची गरज नाही."

"नाही."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला आणि ठेवला. रागावले नाहीत. ते मनात काहीतरी जुळवत होते.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"मुजावरचाचांना."

"मग बस झालं," अण्णा म्हणाले. "ऐक. जोड कच्चा निघाला म्हटलं की ती दुरुस्ती होते. कारागिराची चूक. उद्या नीट करून देतो म्हणायचं, शेठ ऐकतील. डिझाईन चुकलं म्हटलं तर ते म्हणतील यांना मॅग्नेटच बनवता येत नाही. सहाच्या सहा जातील. हे कोण भरून देणार? शेठना पत्र टाईप कर. जोडात दोष होता, नवीन कॉइल भरून देत आहोत. मुजावरना मी सांगतो. ते समजूतदार आहेत."

"त्यांचं नाव खराब होतंय, अण्णा."

"त्यांना मी कामावरून काढतोय का? इथं सगळ्यांना माहीत आहे ते कसे आहेत."

पण इथं सगळ्यांना काय माहीत होतं ते मी काल दुपारीच बघितलं होतं.

आमच्याकडची इंग्रजी पत्रं मीच लिहायचे. मी टेबलाशी जाऊन बसले. पहिलं वाक्य अण्णांनी सांगितलं तसं लिहिलं. जोडात दोष. ते वाचलं. मग खोडलं. दुसरं लिहिलं. दहा ओळींचं पत्र झालं. कॉइलचा करंट मी मॉडेलमध्ये दुप्पट भरला, त्यामुळे बारीक तार निवडली गेली. वाइंडिंगमध्ये आणि जोडांत कोणताही दोष नव्हता. चाचणीच्या वेळी मी जोडाबद्दल जे बोलले ते खरं नव्हतं. खाली माझं नाव.

अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

"मी यावर सही करणार नाही," ते म्हणाले.

"माझी आहे."

"झंवरनी ऑर्डर परत घेतली तर?"

त्यांनी कागद माझ्या अंगावर फेकण्याची मी वाट बघत होते. त्यांनी तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"पाठव," ते म्हणाले. "पण माझ्यासमोरून जा आता."

झंवर शेठनी सहाची ऑर्डर एकावर आणली. पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही, फोनवरून अण्णांना तेवढं सांगितलं. नवीन मॅग्नेट तास-दीड तास उन्हात चालवून दाखवायचं, मग पुढचं बघू, असं म्हणाले. ते त्यांनी बघितलं आणि वर्षभरानं आणखी दोन घेतली. उरलेली तीन त्यांनी दुसरीकडून घेतली. अण्णा माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलत होते. नंतर ते आपोआप सुटलं, पण सॉफ्टवेअरचं चित्र त्यांनी पुन्हा कधी कुणाला दाखवलं नाही. हे सगळं पुढचं.

त्या दिवशी पत्र पाठवून मी वाइंडिंग खात्यात गेले. चाचा मशीनवर बसले होते, रिकामेच.

"शेठना लिहिलंय," मी म्हणाले. "जोड पक्का होता असं लिहिलंय. चूक माझी होती असंही लिहिलंय."

त्यांनी मान हलवली.

"इंग्रजीत?"

"हो."

"माज्या सलीमच्या दुकानात काल सांजच्याला दोन माणसं आली व्हती," ते म्हणाले. सलीम त्यांचा मुलगा; जळालेल्या मोटारींची कॉइल पुन्हा भरून द्यायचं त्याचं दुकान होतं कुपवाडातच. "म्हनली, तुज्या अब्बाचा जोड सुटला म्हनं. त्यो घरी येऊन मला इचारतोय. म्या काय सांगायचं त्याला?" त्यांचा आवाज चढला नाही. "मराठीत लिवून दे एक. हातानं."

मी तिथंच स्टुलावर बसून लिहिलं. कागद होता जॉब कार्डाचा, मागची बाजू कोरी. इंग्रजीत दहा ओळी होत्या, मराठीत पंधरा झाल्या, कारण काही गोष्टी आडवळणानं लिहिता येईनात. सही केली, तारीख घातली, आणि कागद त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी घेतला नाही.

"वाच," ते म्हणाले. मग मागं वळून खात्यातल्या माणसांकडे बघितलं. सात-आठ जण होते, त्यांची मशीनं चालू होती. "मशीन बंद करा रे जरा. ह्या काय वाचत्यात ते ऐका."

एकेक मशीन थांबलं. शेवटचं थांबायला वेळ लागला, त्याचा पट्टा फिरत राहिला होता. मग एकदम शांत झालं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये माझा श्वास मलाच ऐकू यायला लागला. सगळे माझ्याकडे बघत होते. कालच्यासारखेच आदरानं बघत होते, आणि मला कळत होतं की हे शेवटचं.

मी वाचलं. तिसरी ओळ मध्येच अडली, ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. 'मुजावर यांच्या कामात कोणताही दोष नव्हता. जोडाबद्दल मी खोटे बोलले.' माना एकेक करून खाली गेल्या.

चाचांनी कागद माझ्या हातातून घेतला, चौपदरी घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवला. मग मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "आता तार मागव. दोन नंबर जाड. आन ह्या बारीला, आकडे भरताना मला हाक मार."